वजनाचा हिशेब

एल्बे नदी जिथे उत्तर समुद्राला मिळते तिथे कुक्सहाफेन हे बंदर आहे, आणि त्याच्या थोडे दक्षिणेला नॉर्डहोल्त्स नावाचे गाव. पहिल्या महायुद्धात जर्मन नौदलाच्या वायुनौका विभागाचा मुख्य तळ इथे होता. तिथली एक शेड जगावेगळी होती. दोन वायुनौका शेजारी शेजारी मावतील एवढी ती प्रचंड इमारत अख्खीच्या अख्खी फिरवता येत असे. वारा ज्या दिशेचा असेल त्या दिशेला शेडचे तोंड वळवायचे आणि मग नौका बाहेर काढायची. आडव्या वाऱ्यात दीडशे मीटरहून लांब नौका दारातून काढायची म्हणजे ती चौकटीवर आपटून मोडण्याचीच भीती.

उड्डाणाच्या दिवशी त्या शेडमध्ये काय चाले ते आधी पाहू. नौकेच्या पोटाखाली पुढे-मागे लटकणारे गोंडोले, म्हणजे माणसे आणि इंजिने असलेल्या खोल्या, धरून खलाशी उभे असत. हुकूम झाला की ते हात सैल करत आणि सगळ्यांचे डोळे नौकेकडे लागत. नाक वर गेले, तर शेपूट जड आहे. मागच्या पिशवीतले पाणी सोडा. नाक खाली बसले, तर पुढचे सोडा. बोटीच्या तळाशी समतोलासाठी जे ओझे भरतात त्याला आपल्याकडचे दर्यावर्दी नीरम म्हणतात. वायुनौकेचे नीरम पाण्याचे असे, आणि हिवाळ्यात ते गोठू नये म्हणून त्यात दुसरे द्रव मिसळावे लागे. असे थोडे इकडचे, थोडे तिकडचे पाणी सोडत नौका तोलली जाई. शेवटी टनावारी वजनाचे ते धूड जमिनीपासून हातभर उंचीवर नुसते थांबून राही, वरही जाईना आणि खालीही येईना. मग दोन-तीनशे माणसे दोर धरून तिला बाहेर चालवत नेत.

हे तोलणे नीट समजले की या विभागाची पुढची चार वर्षे समजतात. एक घनमीटर हायड्रोजन साधारण 1.1 किलो वजन उचलतो. 1915 साली लंडनवर गेलेल्या नौकांमध्ये जवळजवळ 32,000 घनमीटर हायड्रोजन मावे, म्हणजे एकूण उचल पस्तीस टनांच्या आसपास. त्यातली निम्म्याहून जास्त उचल नौकेचा स्वतःचा सांगाडा, इंजिने आणि कापड यांतच संपे. उरलेल्यात पेट्रोल, तेल, नीरम, माणसे, मशीनगन आणि बॉम्ब. वर जावे तशी हवा विरळ होते आणि उचल घटते. पिशव्यांतला वायू फुगतो, झडपांतून बाहेर पडतो आणि गेलेला परत येत नाही. पाच हजार मीटरवर हवेची घनता जमिनीवरच्या साठ टक्क्यांच्या आसपासच उरते. तेवढे वर जायचे, तर तेवढ्या प्रमाणात काहीतरी खाली ठेवून जावे लागते. काय ठेवायचे, या एकाच प्रश्नाभोवती जर्मन वायुनौकांचे युद्ध फिरत राहिले.

वायू ज्यात भरायचा त्या पिशव्यांपासूनच वजनाची ही ओढाताण सुरू होत असे. सांगाड्याच्या आत एकामागे एक अशा पंधरा-सोळा, पुढे अठरा-एकोणीस स्वतंत्र पिशव्या असत. रबर लावलेले कापड जड आणि त्यात ठिणगीचे भय. म्हणून सुती कापडाला गुरांच्या आतड्याचे पापुद्रे चिकटवून पिशव्या केल्या जात. युरोपातले सोन्याचा वरख करणारे कारागीर हेच पापुद्रे वापरत. आपल्याकडेही वरख ठोकणारे सोन्याचांदीचे तुकडे अशाच पापुद्र्यांच्या वहीत ठेवून ठोकत असत. एका गुराच्या आतड्यातून हातात मावेल एवढाच तुकडा निघतो. तो धुवायचा, चरबी खरवडायची, ओला असतानाच कापडावर चिकटवायचा आणि दुसऱ्या तुकड्याच्या कडेवर कड आणायची. एका मोठ्या झेपेलिनला अडीच लाख गुरांची आतडी लागत, असा आकडा नेहमी दिला जातो. आतडी पुरी पडावीत म्हणून युद्धकाळात जर्मनीत आणि जर्मनांच्या ताब्यातल्या मुलखात सॉसेज करण्यावर निर्बंध आले. जर्मन माणसाच्या ताटातला रोजचा पदार्थ असा आकाशात गेला.

या नौका ज्याच्या नावाने ओळखल्या जातात त्या काउंट फर्डिनांड फॉन झेपेलिनचा जन्म 1838 साली बोडन सरोवराकाठच्या कोन्स्टान्झमध्ये झाला. घोडदळातून निवृत्त होऊन त्याने उतारवयात आपला सगळा पैसा या कल्पनेवर लावला. 2 जुलै 1900 रोजी त्याची पहिली नौका बोडन सरोवरावर उडाली तेव्हा तो बासष्टीला टेकला होता. 5 ऑगस्ट 1908 रोजी एश्टरडिंगेन इथे वादळात त्याची चौथी नौका जळून गेली. इथे त्याची कथा संपायची. पण जर्मन जनतेने आपण होऊन वर्गणी पाठवली आणि साठ लाख मार्कांहून अधिक रक्कम जमली. त्या दिवसापासून झेपेलिन ही राष्ट्राची वस्तू झाली. लष्कर आणि नौदल यांना ती आपल्याकडे हवीशी वाटू लागली, त्यामागे या लोकभावनेचा रेटा फार मोठा होता.

नौदलाचा विभाग 1912 साली उभा राहिला आणि वर्षभरातच जवळजवळ नाहीसा झाला. 9 सप्टेंबर 1913 रोजी एल 1 ही पहिली नौका हेल्गोलांड बेटाजवळ वादळात समुद्रात कोसळली आणि विभागप्रमुखासह चौदा जण बुडाले. पुढच्याच महिन्यात, 17 ऑक्टोबरला, बर्लिनजवळच्या योहानिस्टाल इथे एल 2 हवेत पेटली आणि आतले सगळे अठ्ठावीस जण गेले. प्रशिक्षित माणसे उरली नाहीत, नौकाही उरल्या नाहीत. अशा वेळी ज्याच्याकडे विभाग आला तो पेटर स्ट्रासर. सदतिसाव्या वर्षी हे पद घेतलेला, तोफखान्यात मुरलेला हा अधिकारी. त्याने मोडलेल्या माणसांना पुन्हा उभे केले. प्रवासी वायुनौका चालवणाऱ्या कंपनीकडून नौका घेऊन तो प्रशिक्षण देऊ लागला. स्ट्रासरच्या हट्टाशिवाय हा विभाग टिकला नसता, आणि त्याच हट्टापायी पुढे कितीतरी माणसे गेली.

युद्ध सुरू झाले तेव्हा पहिला धडा लष्कराला मिळाला. 6 ऑगस्ट 1914 रोजी त्यांची झेड 6 ही नौका बेल्जियममधल्या लिएज शहरावर बॉम्ब टाकायला गेली. ओझे जास्त आणि उचल कमी, त्यामुळे ती पुरेशी वर चढलीच नाही. खालच्या गोळीबाराने पिशव्या फाटल्या आणि परतताना ती जंगलात कोसळली. महिना संपायच्या आत पश्चिम आघाडीवर आणखी दोन आणि पूर्वेला एक अशा नौका गेल्या. दिवसाउजेडी, कमी उंचीवरून, सज्ज फौजेवरून जायचे हा बेत कागदावर कुणाला का सुचला असेल, याचे आजही नवल वाटते. पुढे लष्करानेही रात्रीच उडायला सुरुवात केली.

ब्रिटनवर पहिला हल्ला 19 जानेवारी 1915 च्या रात्री झाला. तीन नौका निघाल्या, त्यांतली स्ट्रासर ज्यात होता ती इंजिन बिघडल्याने परतली. उरलेल्या दोघी नॉरफोकच्या किनाऱ्यावर पोचल्या. ग्रेट यार्मथ आणि किंग्ज लिन या गावांत चार माणसे मेली. एक पन्नाशीतला बूट शिवणारा कारागीर, एक बहात्तर वर्षांची बाई, एक चौदा वर्षांचा मुलगा, आणि एक सव्वीस वर्षांची विधवा, जिचा नवरा काही आठवड्यांपूर्वीच फ्रान्समध्ये लढताना गेला होता. त्यांतल्या एका नौकेच्या कप्तानाला आपण हंबर नदीच्या परिसरात आहोत असे वाटत होते. हवेतून युद्ध घराघरात येते म्हणजे काय, ते या चौघांच्या यादीतच दिसते.

कैसर विल्हेल्मला सुरुवातीला लंडन नको होते. इंग्लंडचे राजघराणे त्याच्या नात्यातले, त्यामुळे परवानगी तुकड्यातुकड्यांनी मिळाली. आधी फक्त किनारा, मग गोद्या, मग टॉवर ऑफ लंडनच्या पूर्वेचा भाग, आणि जुलै 1915 मध्ये ऐतिहासिक इमारती वगळून सगळे शहर. 31 मे 1915 च्या रात्री लष्कराच्या एलझेड 38 ने लंडनवर पहिले बॉम्ब टाकले, सात जण गेले. 8 सप्टेंबरला नौदलाच्या एल 13 चा कप्तान हाइनरिख माटी याने शहराच्या मध्यावर आगी लावल्या. त्या एका नौकेने एका रात्रीत पाच लाख पौंडांहून अधिक नुकसान केले. माटी हा या विभागातला सर्वांत कुशल कप्तान. इतरांना नदी आणि रस्ता यांत फरक कळत नसे तेव्हा तो लंडन ओळखून यायचा.

रात्री, ढगांवरून, खाली दिवे मालवलेले असताना आपण कुठे आहोत हे कळणार कसे? नौका बिनतारी यंत्रावरून जर्मनीतल्या केंद्रांना विचारत, दोन ठिकाणांहून आवाजाची दिशा मोजली जाई आणि उत्तर येई. पण तो आवाज ब्रिटिशांच्या केंद्रांनाही ऐकू जात असे. त्याहून मोठी चूक निघतानाच होई. गुप्त संकेतपुस्तके शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून ती तळावर ठेवली जात आणि प्रत्येक नौका निघताना कळवत असे की जहाजावर फक्त व्यापारी जहाजांसाठीचे साधे संकेतपुस्तक आहे. लंडनमध्ये नौदल कचेरीतल्या चाळीस नंबरच्या खोलीत बसलेल्या संकेतभेदकांना हा संदेश ऐकताच कळे की आज रात्री पाहुणे येणार. पुस्तक वाचवायला गेले आणि बेत उघडा पडला.

वजनाचा शत्रू पाऊस. भिजलेले आच्छादन काही टनांनी जड होते. थंडीत त्यावर बर्फ धरतो, पंख्याच्या पात्यांवरून बर्फाचे तुकडे उडून नौकेच्याच अंगात घुसतात. 1916 च्या फेब्रुवारीतली एल 19 ची कथा अशीच ओझ्याची आहे. इंग्लंडवरून परतताना इंजिने बंद पडली. तटस्थ हॉलंडच्या सैनिकांनी आपल्या हद्दीवरून जाताना गोळ्या झाडल्या आणि पिशव्यांना भोके पडली. नौका हळूहळू खाली आली आणि उत्तर समुद्रात टेकली. सकाळी ग्रिम्सबीची किंग स्टीफन ही मासेमारी नौका तिथे पोचली. वर सोळा जर्मन खलाशी, खाली नऊ निःशस्त्र कोळी. यांना घेतले तर ते आपल्यालाच ताब्यात घेतील, अशी भीती त्या बोटीच्या कप्तानाला वाटली आणि तो बोट वळवून निघून गेला. सोळाही बुडाले. त्यांनी बाटल्यांत घालून सोडलेल्या शेवटच्या चिठ्ठ्या काही महिन्यांनी स्वीडनच्या किनाऱ्याला लागल्या. कोळ्यांचा कप्तान चूक होता की बरोबर, यावर तेव्हा दोन्ही देशांत खूप बोलले गेले. मला त्या नऊ जणांची भीतीही खरी वाटते आणि त्या सोळा जणांचा आकांतही.

आता आगीकडे येतो. वायुनौकेत हायड्रोजन होता, मग तिला पेटवायला दोन वर्षे का लागली? हीलियम पेटत नाही, पण तो तेव्हा जर्मनीला मिळण्यासारखा नव्हता, म्हणून हायड्रोजनला पर्याय नव्हता. मात्र निव्वळ हायड्रोजन पेटायला त्यात हवा मिसळावी लागते. साधी गोळी पिशवीतून आरपार जाई, बोटभर भोक पडे, वायू सावकाश झिरपे. शिवण-टाका करणारा एक खास खलाशी नौकेवरच असे. तो आतल्या मार्गिकेवरून चढून जाऊन भोक बुजवे. शिवाय त्या काळच्या विमानांना तेवढ्या उंचीवर पोचायला पाऊण-एक तास लागे, तोवर नौका नीरम टाकून सर्रकन वर निघून जाई.

पहिल्यांदा एका वैमानिकाने वरून बॉम्ब टाकून हे कोडे सोडवले. 7 जून 1915 च्या पहाटे बेल्जियममध्ये गेंटजवळ रेजिनाल्ड वॉर्नफर्ड याने एलझेड 37 च्या वर जाऊन तिच्यावर बॉम्ब टाकले आणि ती पेटून एका मठावर कोसळली. हा वॉर्नफर्ड दार्जिलिंगमध्ये जन्मलेला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि दहा दिवसांतच तो विमान अपघातात गेला.

खरा तोडगा निघाला तो काडतुसांत. एक गोळी स्फोटक, पिशवीला मोठे भगदाड पाडून वायू हवेत मिसळवणारी. दुसरी फॉस्फरसची, ते मिश्रण पेटवणारी. अशा वेगवेगळ्या गोळ्या मशीनगनच्या एकाच चकतीत मिसळून भरायच्या. 2 सप्टेंबर 1916 च्या रात्री लष्कर आणि नौदल मिळून सोळा नौका इंग्लंडवर निघाल्या, संपूर्ण युद्धातला सर्वांत मोठा ताफा. लष्कराची एसएल 11 लंडनच्या उत्तरेला सर्चलाइटच्या झोतात सापडली. एकवीस वर्षांचा विल्यम लीफ रॉबिन्सन तिच्या मागे लागला. पहिली चकती नौकेच्या लांबीभर रिकामी केली, काही झाले नाही. दुसरी केली, काही नाही. तिसरी चकती त्याने शेपटाकडच्या एकाच जागी नेम धरून झाडली. आधी आतून गुलाबी उजेड आला आणि मग सगळे आकाश पेटले. कफली गावाजवळ ती कोसळली, सोळाही जण मेले. मध्यरात्र उलटून गेली होती तरी लाखो लंडनकर रस्त्यांवर, गच्च्यांवर येऊन आनंदाने ओरडत होते. रॉबिन्सनचा जन्मही भारतातला, कुर्गमधल्या कॉफीच्या मळ्यावरचा. इंग्लंडवरच्या आकाशात वायुनौका पाडल्याबद्दल मिळालेला व्हिक्टोरिया क्रॉस त्याचा एकट्याचा. पुढे तो जर्मनांच्या कैदेत पडला, सुटून घरी आला आणि 31 डिसेंबर 1918 रोजी इन्फ्लुएन्झाने गेला.

ती नौका झेपेलिन नव्हती, हे फारसे कुणाच्या लक्षात राहिले नाही. योहान श्युटं या प्राध्यापकाच्या आराखड्याप्रमाणे लाकडी सांगाड्याच्या वायुनौका बनवणारी श्युटं-लान्झ ही वेगळी कंपनी होती. लाकूड समुद्रावरचा दमटपणा शोषते, जड होते, सांधे सुटतात, म्हणून स्ट्रासरला या नौका नकोच असत. पुन्हा वजनच.

त्यानंतरचे चार आठवडे विभागाला फार वाईट गेले. 24 सप्टेंबरच्या पहाटे एल 32 जळून पडली. त्याच रात्री एल 33 ला इसेक्समध्ये शेतात उतरावे लागले. तिच्या खलाशांनी नौका स्वतः पेटवली आणि रस्त्याने चालत निघाले, तिथे त्यांना एका गावच्या हवालदाराने ताब्यात घेतले. 1 ऑक्टोबरच्या रात्री माटीची एल 31 पॉटर्स बार इथे पेटली. नौकेवर पॅराशूट नसत. माणशी तेवढे किलो म्हणजे तेवढे बॉम्ब कमी. पेटलेल्या नौकेत राहायचे की उडी मारायची, याचा विचार प्रत्येकाने आधीच करून ठेवलेला असे. माटीने उडी मारली. मऊ जमिनीवर त्याच्या देहाचा ठसा उमटला होता, आणि तो पाहायला लोकांची रीघ लागली.

इथे थांबायला हवे होते. जर्मन लष्कर खरोखरच थांबले. 1917 च्या उन्हाळ्यात त्यांनी आपला वायुनौका विभाग बंद केला आणि माणसे विमानांकडे वळवली. नौदलाजवळ तर वायुनौकांसाठी दुसरे खरे काम होते: उत्तर समुद्रावर पहारा. ब्रिटिश आरमार कुठे आहे, सुरुंग कुठे पेरले आहेत, हे वरून पाहायचे. हल्ल्यांपेक्षा अशा टेहळणीच्या फेऱ्या कितीतरी जास्त झाल्या. तिथेही चुका होत. 19 ऑगस्ट 1916 रोजी एल 13 ने ब्रिटिशांच्या हलक्या जहाजांचा ताफा पाहून मोठी युद्धजहाजे असल्याचे कळवले, जर्मन ॲडमिरल शेअर त्या दिशेला वळला आणि हाती काहीच लागले नाही. तरी एका क्रूझरच्या किमतीपेक्षा पुष्कळ कमी खर्चात एवढा समुद्र पाहणारे दुसरे साधन तेव्हा नव्हते. या नौका समुद्राचा डोळा म्हणून वापरल्या असत्या तर त्यांचे आणि लंडनच्या लोकांचेही भले झाले असते, असे माझे ठाम मत आहे. स्ट्रासरचे मत वेगळे होते. इंग्लंडला वाकवायचे ते लंडन जाळूनच, यावर त्याचा शेवटपर्यंत विश्वास राहिला.

मग विमान पोचणार नाही एवढ्या उंचीवर जायचे ठरले. 1917 च्या नव्या नौकांवरून एकेक वस्तू उतरवली गेली. सहापैकी एक इंजिन काढले. सांगाड्याच्या पट्ट्या बारीक केल्या. मशीनगन काढल्या. बॉम्ब टांगायचे आकडे निम्मे केले. पेट्रोल कमी. खलाशांना पाठ टेकायची जागा होती तीही काढली. खालची बाजू काळी रंगवली. या सगळ्याच्या बदल्यात मिळाली साडेपाच-सहा हजार मीटरची उंची. आणि तिथे दुसरेच दुखणे उभे राहिले. उणे पंचवीस-तीस अंशांची थंडी, कपड्यांखाली वर्तमानपत्रे गुंडाळूनही न भागणारी. प्राणवायू अपुरा, डोके ठणकायचे, उलट्या व्हायच्या, हाताला साधी खिटी वळवता येत नसे. इंजिनांनाही श्वास कमी पडे आणि त्यांची ताकद निम्म्यावर येई. तेवढ्या उंचीवरून खाली गाव आहे की शेत हेही दिसत नसे. विमानांपासून वाचावे हा ज्या उंचीचा हेतू, त्या उंचीनेच बॉम्बचा अचूकपणा खाल्ला.

19 ऑक्टोबर 1917 च्या रात्री अकरा नौका अशा उंचीवरून इंग्लंडवर गेल्या. खाली लंडनमध्ये इंजिनांचा आवाजही ऐकू आला नाही, म्हणून या रात्रीला इंग्रजांनी मूक हल्ल्याची रात्र म्हटले. वर मात्र उत्तरेकडून असा वारा सुटला होता ज्याची जमिनीवर कुणालाच कल्पना नव्हती. पाच इंजिनांची ताकद विरळ हवेत अपुरी पडली आणि नौका दक्षिणेला, फ्रान्सवर फेकल्या गेल्या. एल 44 तोफांनी पाडली. एल 45 आल्प्सच्या पायथ्याजवळ नदीत आदळली. एल 55 जवळजवळ 7,600 मीटरपर्यंत चढली, कशीबशी जर्मनीत परतली आणि उतरताना मोडली. एल 50 चा पुढचा गोंडोला झाडांना अडकून तुटला, आणि वजन अचानक कमी झाल्याने ती आत राहिलेल्या माणसांसह वर उसळून भूमध्य समुद्राच्या दिशेने गेली. ती पुन्हा कुणाला दिसली नाही. एल 49 बूर्बोन-ले-बॅन या फ्रेंच गावाजवळ उतरली. खलाशी तिला पेटवणार तेवढ्यात शिकारीला निघालेला एक गावकरी बंदूक रोखून उभा राहिला. ती जवळजवळ धड अवस्थेत हाती लागली आणि पुढे अमेरिकेने शेनान्डोआ ही आपली वायुनौका तिच्या मोजमापांवरून बांधली. एका रात्रीत पाच नौका गेल्या. अडीच महिन्यांनी, 5 जानेवारी 1918 रोजी, अहलहॉर्न तळावर एका शेडमध्ये स्फोट झाला आणि मिनिटभरात शेजारच्या शेड पेटून आणखी पाच.

या सगळ्यात एक उड्डाण असे आहे की ज्यात कुणावर बॉम्ब टाकायचा नव्हता. जर्मन पूर्व आफ्रिकेत सेनापती फॉन लेटो-फोरबेकची फौज वेढ्यात लढत होती, तिला रसद पोचवायची होती. एल 59 त्यासाठी लांबवून 226 मीटरची केली गेली. परत यायला तिथे हायड्रोजन मिळणार नाही हे ठाऊक होते, म्हणून ठरले की नौकाच रसद व्हावी. वरच्या कापडाचे तंबू, पिशव्यांच्या सुती कापडाच्या जखमपट्ट्या, मार्गिकेवरच्या चामड्याचे बूट, सांगाड्याचा बिनतारी मनोरा. या नौकेवर वजनाचा हिशेब पहिल्यांदाच उलटा झाला होता: तिचे स्वतःचे प्रत्येक किलो कामाचे होते. 21 नोव्हेंबर 1917 रोजी बल्गेरियातल्या याम्बोलहून कप्तान लुडविग बोकहोल्ट बावीस माणसे, तीन लाखांहून अधिक काडतुसे आणि औषधे घेऊन निघाला. दिवसा वाळवंटाच्या झळांनी हायड्रोजन फुगून झडपांतून जाई, रात्रीच्या गारव्यात उरलेला आकसे. एका रात्री नौका वाळूवर आदळण्याच्या बेतात आली. नीरम आणि काडतुसांच्या काही पेट्या फेकून तिला सावरावे लागले. खार्टूमच्या पश्चिमेला ती पोचली तेव्हा बर्लिनहून परत फिरण्याचा हुकूम आला. 25 नोव्हेंबरला ती याम्बोलला उतरली. 95 तास, 6,757 किलोमीटर, आणि टाकीत अजून चौसष्ट तासांचे पेट्रोल. साडेचार महिन्यांनी तीच नौका इटलीच्या दक्षिणेला ओट्रान्टोच्या सामुद्रधुनीवर पेटून सगळ्यांसह गेली. बोकहोल्टही त्यात होता.

5 ऑगस्ट 1918 रोजी संध्याकाळी स्ट्रासर स्वतः एल 70 मध्ये बसून निघाला. सात इंजिनांची, 211 मीटर लांबीची, विभागातली सर्वांत नवी नौका. ब्रिटिश किनारा दिसू लागला तेव्हा उन्हाळ्यातला उजेड अजून पुरता मावळला नव्हता. एका डी. एच. 4 विमानात एगबर्ट कॅडबरी, चॉकलेटवाल्या कॅडबरी घराण्यातला मुलगा, आणि रॉबर्ट लेकी वर चढले. 1915 साली विमानाला जी उंची स्वप्नवत होती ती आता रोजची झाली होती. लेकीच्या गोळ्यांनी शेपटाकडून आग लागली आणि पाऊण मिनिटाच्या आसपास नौका नाकापर्यंत पेटून नॉरफोकच्या किनाऱ्यालगत समुद्रात पडली. आतले बावीसही जण गेले. तो ब्रिटनवरचा शेवटचा वायुनौका हल्ला. एकूण 51 हल्ल्यांत 557 माणसे मेली, 1,358 जखमी झाली. त्यांना अडवायला ब्रिटनने सतरा हजारांहून अधिक माणसे तोफा आणि सर्चलाइटवर बसवून ठेवली होती. स्ट्रासरच्या बाजूने बोलणारे या शेवटच्या आकड्याकडे बोट दाखवतात, आणि त्यात तथ्य आहे. पण किंग्ज लिनमधल्या त्या चौदा वर्षांच्या मुलाच्या घरी या आकड्याचे काय मोल?

युद्ध संपले तेव्हा उरलेल्या नौका शेडमध्येच होत्या. हायड्रोजन काढून घेतलेला, त्यामुळे त्या आता हलक्या नव्हत्या. सांगाडा वाकू नये म्हणून छताच्या तुळयांना कप्प्या बांधून त्या वरून टांगल्या होत्या आणि खालून टेकू लावले होते. होऊ घातलेल्या तहानुसार त्या शत्रूला द्यायच्या होत्या. 21 जून 1919 रोजी स्कापा फ्लोमध्ये जर्मन आरमाराने आपली जहाजे स्वतः बुडवली, त्याची बातमी तळांवर पोचली. 23 जूनच्या सकाळी जुने खलाशी नॉर्डहोल्त्स आणि विटमुंडहाफेनच्या शेडमध्ये शिरले. त्यांनी खालचे टेकू काढले आणि मग वरचे दोर एकेक करून सोडले. नॉर्डहोल्त्सच्या पाच आणि विटमुंडहाफेनच्या दोन नौका आपल्याच वजनाने फरशीवर पडून मोडल्या.